चार हिवाळ्यांनंतरचे नाव

मूक प्राण्यांचे रक्षण हीच खरी ईश्वरसेवा होय.

हे वाक्य माझे नाही. आमच्या मराठी मंडळाने गणपत मांडवकरांना दिलेल्या मानपत्राची सुरुवात त्या वाक्याने होते. बहरीनमध्ये, हूरा भागातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, व्यासपीठावरून, ते दमदार आवाजात वाचले गेले. मी मांडवकरांच्या मागच्या खुर्चीत बसलो होतो, कारण नारळ कोणीतरी धरायला हवा होता. ईश्वरसेवेवर टाळ्या पडल्या, तेव्हा मांडवकर मान मागे वळवून हळूच म्हणाले, "साहेब, जेवान कधी हाय?"

त्यांना अशा वाक्यांची सवय नव्हती. अठरा वर्षे त्यांनी ज्यांची सोबत केली, ते मानपत्रे देत नाहीत, फार तर खातात.

मांडवकर गुहागर तालुक्यातले. मनामाच्या दक्षिणेला, साखीरच्या पुढे, एका खासगी फार्मवर ते कामाला होते. फार्म म्हणजे चहूबाजूंनी भिंत घातलेली विस्तीर्ण जमीन. खजुराची थोडी झाडे, पाहुण्यांच्या बैठकीसाठी एक मजलिस, तिच्यापुढे तळहातावरच्या फोडासारखी जपलेली हिरवळ, आणि बाकी सगळी वाळू व काटेरी झुडपे. त्या वाळूत रीम नावाची हरणे होती. आपल्या चिंकाऱ्याच्या नात्यातली, पण उन्हात वाळत घालून विटल्यासारखी फिकट. साठ-सत्तर डोकी असतील. मालकाला इकडे अरबाब म्हणतात. हा अरबाब पिढीजात व्यापारी होता, हळू बोलणारा, सभ्य माणूस. मांडवकर त्याला तोंडावर 'बाबा' म्हणत, आणि त्याच्या वारलेल्या वडिलांना 'बडा बाबा'.

कळपात नर जास्त झाले की झुंजी होतात, म्हणून दर हिवाळ्यात थोडे नर कमी करायचे, असा फार्मचा जुना रिवाज होता. त्याच्या परवानगीची एक फाईलही ऑफिसात होती. मी ती वाचलेली नाही, पण जाड होती. बडे बाबांच्या काळात घरचेच दोघे-तिघे येत आणि संध्याकाळी भाताबरोबर जेवून जात. मुलाच्या काळात धंदा वाढला आणि धंद्याबरोबर पाहुणे वाढले. थंडी पडली की दर गुरुवारी, दुपारी असरच्या नमाजानंतर, लँडक्रूझरांची रांग फाटकातून आत येई. किती नर मारायचे ते अरबाब सांगे, कुठले ते पाहुणे ठरवत. पाहुण्याला नेहमी सगळ्यात मोठी शिंगे हवी असत. कोवळ्या नराशेजारी उभे राहून कोणी फोटो काढत नाही. त्यामुळे एखाद्या नराची शिंगे नीट वळणावर आली, मानेत ताकद आली, की तो हिवाळा त्याचा शेवटचा. बडा बाबा गेल्यानंतरच्या तीन वर्षांत फार्मवरचे सगळे पोक्त नर संपले. उरल्या माद्या, पाडसे आणि मिसरूड फुटलेली पोरे.

"आधी मी जन्मल्या जन्मल्या नाव ठेवायचो," मांडवकरांनी मला एकदा सांगितले. "मंग गुरुवारी ते नाव भातावर बगायला लागायचं. तवापासून बंद. चार हिवाळे काढ म्हनलं, मंग नाव घे."

माझी त्यांची ओळख पंपामुळे झाली. आमची कंपनी फार्मच्या पाण्याच्या पंपांची देखभाल करते. पहिल्या दिवशी काम संपल्यावर हरणे पाहावीत म्हणून मी वाळूतून निघालो. शंभर पावले गेलो नसेन, तोच सगळा कळप क्षितिजावर. मागून आवाज आला, "तुमी शिकारी काय ओ?"

वळून पाहिले तर पन्नाशीचा, काटकुळा, मळखाऊ जाकीट घातलेला माणूस. दोन्ही हातांत बादल्या. मराठी ऐकून मला आनंद झाला. मी मराठी असल्याचे चेहऱ्यावरून ओळखून त्यांना तो आधीच झालेला दिसत होता.

"नाही, इंजिनिअर आहे."

"मंग सरळ कशाला चालता? सरळ एक तर शिकारी चालतो, नाय तर साहेब. त्यांना दोन्ही सारकेच."

मग त्यांनी मला चालून दाखवले. हरणांकडे पाहायचे नाही. भलतीकडेच काम असल्यासारखे, मोठा वळसा घेत, मधे थांबत, खाली वाकून काहीतरी उचलल्यासारखे करत जायचे. या पद्धतीने ते कळपाच्या पंधरा पावलांवर पोहोचले. मीही तसेच करून पाहिले. हरणे पुन्हा क्षितिजावर गेली.

"तुमचा वास साबनाचा येतो," ते समजुतीने म्हणाले. "तुमचा इलाज नाय."

त्यांच्या स्वतःच्या वासाबद्दल मी सभ्यपणे बोलणार नाही. ते खाकी जाकीट त्यांनी बडे बाबांच्या काळापासून धुतले नव्हते. थंडीत ते घालत, उन्हाळ्यात खिळ्याला टांगत, पण पाणी लागू देत नसत. जाकीट धुतले तर हरणांना आपली ओळख नव्याने करून द्यावी लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. एकदा माझ्या बायकोने त्यांना झिंजमधल्या आमच्या घरी जेवायला बोलावले. त्यांनी जाकीट आमच्या जिन्यात काढून ठेवले. शेजारच्या केरळी बाईंनी वॉचमनला बोलावून गॅस गळतोय का ते पाहायला सांगितले.

अरबाबशी ते हिंदी, अरबी आणि गुहागरी यांच्या मिश्रणात बोलत. नकार देणे त्यांना जमत नसे, म्हणून त्यांनी त्याची सोय लावून ठेवली होती. एखादी गोष्ट करायची असली की ते 'हां बाबा' म्हणत. करायची नसली की 'इंशाल्ला'. आणि मोठा नर कुठे आहे असे विचारले की 'मफी मालूम', म्हणजे माहीत नाही. हे तीन शब्द पुरतात, बाकीची भाषा लोक उगाच शिकतात, असे त्यांचे मत होते.

पोक्त नर वाचवायची युक्ती त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. लहानपणी शिमग्यानंतर गावची पारध निघायची. रानडुकराची शिकार. वडील बंदूकवाल्यांबरोबर असत आणि हे हाकारे घालणाऱ्यांत, डबे बडवत.

"अख्खा गाव रानात," ते सांगत. "डबे, शिट्ट्या, कुत्री. तरने डुक्कर घाबरून पळायचे आनि बंदुकीवर जायचे. म्हातारा डुक्कर कधी घावायचा नाय. कुठं असायचा ठाव हाय? आमच्याच घरामागं, उकिरड्याकडं. गाव रानात, म्हंजे वाडी रिकामी! संध्याकाळी आमी दमून घरी, तेव्हा हा तिकडून रानात. वाटेत गाठ पडायची. तवा शिकलो, म्हाताऱ्या नराला अक्कल जास्त नसते. त्याला फक्त एक ठाव असतं, मानूस कुठं जात नाय ते."

फार्मवर माणूस जात नसे अशी जागा एकच होती. आग्नेय कोपऱ्यातला खताचा ढीग. वारा शमालचा, म्हणजे वायव्येकडून, म्हणून शेणखत, कोंबडीखत आणि कुजलेल्या खजुरांची ती जागा मजलिसपासून सगळ्यात लांब आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाला केली होती. ढिगाचा वास मजलिसकडे जात नसे. मांडवकरांच्या लक्षात आले, की मजलिसचा वास मात्र ढिगाकडे येतो. पाहुणे अंगाला ऊद नावाचे उग्र अत्तर भरपूर लावून येत. फाटकात गाडी थांबली की पाचेक मिनिटांत ऊद ढिगापर्यंत पोहोचे, आणि तिथल्या नराला वर्दी मिळे.

पहिला हिवाळा त्यांनी तिथे बादल्यांनी पाणी वाहिले. मजलिसपुढची कुंडी गुरुवारी दुपारी भरायची नाही, ढिगामागची भरायची, बरोबर चार वाजता. थोडा लसूणघास टाकायचा आणि निघून यायचे. मागे वळून पाहायचे नाही. माद्या आणि पोरे सवयीने मजलिसकडेच घुटमळत. दोन-तीन थोराड नर मात्र हळूहळू ढिगामागे जाऊन बसायला लागले.

"साहेब, येक पायप द्या तिकडं," ते मला म्हणाले. "बादल्या घेऊन गेलो की कोनीतरी बघनार, हा रोज उकिरड्यावर पानी कशाला नेतो."

मी पाइप टाकून दिला. कामाच्या कागदावर 'खत ओले ठेवण्यासाठी' असे लिहिले. माझ्या नोकरीत मी लिहिलेले सगळ्यात उपयोगी खोटे वाक्य ते असावे. मांडवकरांनी ढिगाच्या वाटेवर एक पाटीही लावली. कुठल्याशा जुन्या विजेच्या पेटीवरून काढलेली, कवटीचे चित्र असलेली.

पुढच्या मार्चमध्ये, पाहुणे बंद झाल्यावर, ऑफिसात त्यांचा फोन आला. ते कधी फोन करत नसत, त्यामुळे मी घाबरलो.

"साहेब, नाव ठेवलं."

"कोणाचं?"

"त्या लांब मानेच्या नराचं. चार झाले ना त्याचे. हेडमास्तर."

"हेडमास्तर का?"

"सगळी बसली की हा मधून फिरतो, दोन्ही बाजूला बघत. कुनाची वही बघायची ऱ्हायली काय, तसा."

त्यानंतरच्या वर्षांत नावे वाढत गेली. तलाठी हा जिथे कुणाची चूक दिसेल तिथे हजर असे. भाऊजी फक्त जेवणाच्या वेळी उगवे. पोस्टमन दुपारी येऊन लगेच जाई. सगळी गावातली पदे होती, देवाचे नाव कोणाला नव्हते. देवाचे नाव ठेवले आणि गुरुवारी काही झाले तर वाईट दिसेल, असा त्यांचा विचार होता.

पाहुण्यांना काही संशय आला नाही. मोठा नर दिसला नाही की ते एकमेकांना दोष देत. एकदा एक पाहुणा नवी रायफल आणि पायापासून डोक्यापर्यंत हिरव्या पानांचे चित्र असलेले कपडे घालून आला. त्या पिवळ्या वाळूत तो दोन किलोमीटरवरून दिसत होता, एखाद्या चुकलेल्या झुडपासारखा. त्याने मांडवकरांना बोटाने जवळ बोलावून विचारले, "बडा वाला कहाँ?"

"मफी मालूम."

"उधर क्या है?" त्याने कवटीच्या पाटीकडे बोट केले.

"उधर? उधर कचरा, सर. कपडा खराब."

पाहुण्याने आपल्या कपड्यांकडे पाहिले आणि दुसऱ्या दिशेला निघाला. मांडवकर मला म्हणाले, "बरा मानूस. फकस्त झाडासारका दिसायचा नाद हाय."

आता मानपत्राकडे यायला हवे, कारण घोटाळा त्याने केला. म्हणजे खरे तर मी केला.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष कर्णिक बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि त्यांना सत्कार करायला आवडतात. एव्हाना सत्कार न झालेला सभासद मंडळात उरला नव्हता. एकदा जेवताना मी त्यांना मांडवकरांची गोष्ट सांगितली, उकिरड्यासकट. कर्णिकांचे डोळे चमकले. आमच्या मंडळात इंजिनिअर, अकाउंटंट, बँकवाले. कोकणातले ड्रायव्हर, गवंडी, सुतार फक्त गणपतीला येतात आणि मागे उभे राहतात. त्यांच्यापैकी एकाला पुढे आणायची ही संधी होती, असे कर्णिक म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मी त्यांना मुद्दे लिहून दिले. त्यांनी प्रमुख पाहुणा कोण बोलावलाय, ते मी विचारले नाही.

प्रमुख पाहुणा होता अरबाब. आपल्या माणसाचा गौरव पाहायला त्याच्या मालकापेक्षा योग्य कोण, असा कर्णिकांचा विचार. मराठी माणूस सत्कार करायला निघाला की तो कशालाही आडवा येऊ देत नाही, सत्कारमूर्तीच्या हितालाही नाही.

तर मांडवकर व्यासपीठावर, डोक्याला फेटा, अंगावर जरीकाठी शाल. जाकीट मी गाडीच्या डिकीत ठेवायला लावले होते. कर्णिक वाचत होते, "...स्वतःच्या उपजीविकेची तमा न बाळगता, ज्यांनी वर्षानुवर्षे बंदुकीच्या नजरेआड, एका दुर्लक्षित उकिरड्याच्या आश्रयाने, कळपातील ज्येष्ठ नरांना जीवदान दिले..." मराठी अरबाबला कळत नव्हते, म्हणून मी निर्धास्त होतो. पण कर्णिक व्यवस्थित माणूस. त्यांनी बँकेतल्या एका सहकाऱ्याकडून मानपत्राचे अरबी भाषांतर करवून घेऊन, चौकट करून, अरबाबच्या हातात ठेवले होते.

मांडवकरांची नजर त्या चौकटीवर गेली. जेवणाचा प्रश्न ते विसरले.

"साहेब, बाबा वाचतोय ते काय हाय?"

"मानपत्र."

"माजं?"

"हो."

"त्यात उकिरडा लिवलाय?"

मी हो म्हणालो. अरबाब सावकाश वाचत होता, एका ओळीवर थांबून पुन्हा मागे गेला. मांडवकरांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"शिकलेल्या मानसांना एक गोष्ट पोटात ठेवता येत नाय," ते म्हणाले. रागाने नाही. पंपाचा दोष सांगावा तसे.

अरबाबचे भाषण एका मिनिटाचे झाले. मांडवकर चांगला माणूस आहे, आपल्या वडिलांचाही तो आवडता होता, असे तो इंग्रजीत म्हणाला. मग मांडवकरांकडे वळून हिंदीत म्हणाला, "कल मैं आएगा. अकेला." टाळ्या पडल्या. कर्णिकांना भरून आले.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत माफी मागत होतो. मांडवकर नारळ मांडीवर घेऊन बसले होते.

"व्हिसा कॅन्सल करील, दुसरं काय?" ते म्हणाले. "माजं बरं हाय, मला गाव हाय. हेडमास्तरला नाय ना गाव. आता जागा सगळ्यांना ठाव झाली. येत्या गुरुवारी तो तिथंच बसनार, चार वाजता, वाट बघत. मीच शिकवलंय त्याला."

दुसऱ्या दिवशी शनिवार. पंपाचे काम आहे असे घरी सांगून मी फार्मवर गेलो. पंपाला शनिवारीच काय होते, असे बायकोने विचारले नाही. "त्यांना चपात्या दे," एवढेच म्हणाली आणि डबा दिला. खोलीत मांडवकरांची बॅग भरून तयार होती. शाल खिडकीच्या फुटक्या काचेला लावली होती, वारा येऊ नये म्हणून.

तीनच्या सुमाराला अरबाब आला. खरेच एकटा, स्वतः गाडी चालवत, पांढऱ्या स्वच्छ पायघोळ थोबमध्ये. बंदूक नव्हती. ऊद होता.

"यल्ला, दिखाओ," तो म्हणाला.

मांडवकर हलले नाहीत. मला वाटले, आता 'मफी मालूम' म्हणणार. त्यांनी हवा हुंगली आणि म्हणाले, "बाबा, हादा रीहा मफी जैन. ये खुशबू नहीं चलेगा." मग त्यांनी आपले जाकीट काढले आणि त्याच्यापुढे धरले.

बहरीनमध्ये मी बऱ्याच बैठका पाहिल्या आहेत, करारांवर सह्या होताना पाहिल्या आहेत. पण त्या जाकिटाकडे पाहणाऱ्या अरबाबच्या चेहऱ्यावर जेवढा गंभीर विचार होता, तेवढा कुठे पाहिला नाही. शेवटी त्याने ते घातले. बाह्या आखूड झाल्या. मांडवकरांनी चेन गळ्यापर्यंत ओढून दिली, लेकराला शाळेत धाडताना ओढावी तशी.

मग दोघे निघाले. पुढे मांडवकर, मागे अरबाब, वळसा घेत, थांबत, भलतीकडे पाहत. एका ठिकाणी मांडवकर वाळूतून काहीतरी उचलल्यासारखे करायला वाकले. अरबाबही वाकला. मी साबणाच्या वासाचा माणूस, म्हणून ढिगाच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीमागे थांबलो. तिथून दिसत होते आणि शमाल पडल्यामुळे ऐकूही येत होते.

दोन पालथ्या बादल्यांवर दोघे बसले. अरबाबने रुमाल नाकाला लावला. चार वाजता मांडवकरांनी कॉक उघडला. आधी भाऊजी आला. मग तलाठी, मग पोस्टमन. बराच वेळ काही नाही. मग काटेरी झुडपाआडून हेडमास्तर निघाला, लांब मान, मागे झुकलेली दोन्ही शिंगे खालपासून वरपर्यंत कड्याकड्यांची, कानाजवळ पांढरे होत चाललेले केस. तो तिघांच्या मधून दोन्ही बाजूंना पाहत गेला आणि पाणी प्यायला वाकला.

"ये कितना साल का?" अरबाबने कुजबुजत विचारले.

"ग्यारा साल, बाबा. बडा बाबा गया ना, वो साल का. इसका माँ मर गया था. बडा बाबा हाथ में लेके दूध पिलाया. बाटली से. उधर मजलिस में, गालिचा पे."

अरबाबने हेडमास्तरकडे पुन्हा पाहिले. मग म्हणाला, "मेरे फादर का?"

"हां बाबा. उसके टाइम का येक ही बचा. बाकी सब..." मांडवकरांनी भाताचे ताट दाखवावे तसा हात केला आणि मग तो मागे घेतला.

अरबाबने डोळे पुसले. त्या जागेवर कोणाच्याही डोळ्यांना पाणी येते, तेव्हा मी त्यातून जास्त अर्थ काढत नाही. पण तो सूर्य मावळेपर्यंत उठला नाही, आणि रुमाल नाकावरून कधी खाली आला ते त्याला कळले नाही.

परत येताना त्याने विचारले, "इसका नाम है?"

"हेडमास्तर."

अरबाबला तो शब्द समजला. त्यालाही कधीतरी कोणी हेडमास्तर होता. "और बाकी का?" मांडवकरांनी तिघांची नावे सांगितली, आणि चार हिवाळ्यांचा नियमही सांगितला. अरबाबने फाटकापाशी जाकीट उतरवून परत दिले आणि म्हणाला, "खलास. जिसका नाम है, उसको कोई नहीं मारेगा. पाहुणा कोई भी हो." 'पाहुणा' हा शब्द त्याचा नव्हता, पण अर्थ तोच.

"हां बाबा," मांडवकर म्हणाले. इंशाल्ला म्हणाले नाहीत.

बॅग उपसून झाल्यावर त्यांनी माझ्या डब्यातल्या चपात्या खाल्ल्या. तिसरी चपाती मोडताना ते थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले.

"साहेब, बाबा काय म्हनाला? नाव असेल त्याला मारायचा नाय?"

"हो."

"चार हिवाळे तो म्हनाला का?"

"नाही. चार हिवाळे तुमचा नियम."

"मंग माजा मी मोडला तर?"

सोमवारपर्यंत फार्मवरच्या प्रत्येक नराला नाव मिळाले होते, त्याच आठवड्यात जन्मलेल्या पाडसासकट. गावातली पदे संपली, तेव्हा त्यांनी मला फोन करून मंडळाच्या कार्यकारिणीची यादी मागितली. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, सल्लागार. आमच्या मंडळात पदे भरपूर आहेत, आणि त्यांचा कोणाला एवढा उपयोग झाल्याचे मी प्रथमच पाहिले. कर्णिक हा दोन वर्षांचा, छातीने रुंद आणि विनाकारण पुढे पुढे करणारा नर होता. खऱ्या कर्णिकांना हे मी सांगितले नाही. एखादी गोष्ट पोटात ठेवायला मी शिकतो आहे.

अरबाबला ती यादी दिली तेव्हा तो बराच वेळ हसला आणि त्याने ती पाळली. जास्तीचे तरुण नर आता दुसऱ्या फार्मना जातात, नावासकट. गुरुवारी पाहुणे अजून येतात, पण कॅमेरे घेऊन. त्यांच्यासाठी अरबाबने ढीग हलवून तिथे लाकडी चौथरा बांधला, गालिचे टाकले, खुर्च्या मांडल्या, कवटीच्या जागी दोन भाषांतली सुंदर पाटी लावली. पाहुणे ऊद लावून तिथे दोन दोन तास शांत बसतात. त्यांना मोठा नर अजूनही दिसत नाही. मजलिस रिकामी असते, त्यामुळे सगळे ज्येष्ठ नर तिथल्या हिरवळीवर असतात.

मांडवकरांना हे आधीच माहीत होते. त्यांनी चौथरा बांधणाऱ्यांना चहा करून दिला आणि मला मजलिसकडे एक पाइप टाकायला सांगितले.

गेल्या जानेवारीत ते कायमचे गावी गेले. विमानतळावर सोडायला मी फार्मवर गेलो, तेव्हा ते नव्या माणसाला नावे पाठ करायला लावत होते. रामेश्वर नावाचा बिहारचा, त्यांच्याच वयाचा, गंभीर माणूस. तो "सहसचिव" शब्दावर पुन्हा पुन्हा अडत होता. मग मांडवकरांनी खिळ्यावरचे जाकीट काढून त्याच्या हातात दिले. "धोना नहीं," एवढेच म्हणाले. रामेश्वरने ते दोन्ही हातांनी घेतले आणि श्वास रोखून धरला.

हेडमास्तर मजलिसच्या पायरीशी उन्हात बसला होता. तेरा वर्षांचा, दात झिजलेले, म्हणून मांडवकर त्याचा घास भिजवून देत. त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही. नेहमीसारखा मोठा वळसा घेत, मधे एकदा वाळूतून काहीतरी उचलत, ते माझ्या गाडीपर्यंत आले. त्यानेही मान वळवली नाही.

बाहेर शमाल सुटला होता आणि ते नुसत्या सदऱ्यावर होते. रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, "मांडवकर, निदान मंडळाची शाल तरी अंगावर घ्यायची."

"शाल कर्णिकनं खाल्ली," ते म्हणाले. "जरीचा काठ तेवढा ठेवला."